सगुणेचं बाळंतपण

कॅनडात सस्काटूनला छायाताई खासनीसांकडे जेवायला जायचं तर दोन गोष्टी आधीच ठाऊक हव्यात. एक, पानात वाढलेलं टाकायचं नाही. दोन, स्वयंपाकघरातला पांढरा फ्रीजर खुशाल उघडा, पण बेसमेंटमधल्या छोट्या राखाडी फ्रीजरला हात लावायचा नाही. मराठी मंडळातल्या सुनेत्राने एकदा आइस्क्रीम शोधता शोधता तो उघडला होता. आत लेबलं लावून नीट रचलेल्या पिशव्या होत्या आणि पिशव्यांत गोठवलेले उंदीर. लहान, मध्यम, मोठे. त्या दिवसापासून सुनेत्रा त्या घरात आइस्क्रीम मागत नाही, आणि आपणहून वाढलं तरी आधी डबा बघते.

उंदीर अर्थातच खासनीस मंडळी खात नाहीत, घर चांगलं शाकाहारी आहे. ते खातात सगुणा आणि तात्या. दोघंही कॉर्न स्नेक जातीचे साप, बिनविषारी, तीन-चार हात लांब, दोरखंडासारखे, अंगावर भाजक्या विटेच्या रंगाचे ठिपके. त्यांची काळजी घेणारी बाई सत्तरीला टेकलेली, पाच फुटांच्या आतली, चष्मा लावणारी आणि एकादशी न चुकवणारी. आता बोला!

सगुणा आली ती नंदनमुळे. नंदन नागपूरचा, युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करायचा आणि खासनीसांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचा. त्याने वर्षभर साप लपवून ठेवला होता म्हणे. हॅलिफॅक्सला नोकरी लागली तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "काकू, तिकडच्या घरमालकाला पेट्स चालत नाहीत. दोनच महिने सांभाळाल?" त्याला सहा वर्षं झाली. नंदनचं लग्न झालं, मूल झालं, पण ते दोन महिने काही संपले नाहीत.

छायाताईंचे यजमान शरदचंद्र, वय अठ्ठ्याहत्तर. हयात युनिव्हर्सिटीत माती शिकवण्यात गेली. प्रेअरीच्या सपाट मुलखातली माती कुठल्या गावाची ते नुसती चोळून सांगतील, पण जमिनीतला गांडुळापुढचा प्राणी त्यांना सोसत नाही. साप घरात राहणार म्हटल्यावर त्यांनी एकच सांगितलं, "छाया, तुझं खालचं राज्य, माझं वरचं." तेव्हापासून बेसमेंटच्या जिन्याची वरून चौथी पायरी ही त्यांची सरहद्द. घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायचा तरी हे चौथ्या पायरीवरून सूचना देणार आणि बदलणार छायाताई.

छायाताईंना मात्र साप परके नव्हते. त्यांचं माहेर बत्तीस शिराळ्याचं. नागपंचमी म्हणजे तिथे केवढं प्रस्थ! त्यांच्या लहानपणी गावातली पोरं पंधरा दिवस आधीपासून रानात नाग हुडकत हिंडायची. थोरला भाऊ विश्वनाथ त्यात पटाईत. छाया त्याच्या मागे मागे पळायची, पण हात लावायला मनाई. "पोरीच्या जातीनं लांब उभं राहायचं," म्हणायचे. ती लांब उभी राहिली. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हेही पाळलं. एकदाच फक्त चुकली. नऊ वर्षांची असताना पंचमीच्या दुपारी तिने आईची नजर चुकवून विळीवर पेरू कापून खाल्ला, आणि त्याच संध्याकाळी विशूदादाला पकडून मडक्यात ठेवलेला नाग डसला. दादा वाचला, पण डाव्या हाताचं एक बोट गेलं.

पेरूचा आणि बोटाचा संबंध नाही, हे छायाताईंना कळत नाही असं समजू नका. बाई शिकलेली आहे. सत्तावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली. काम काय, तर पेशंटच्या पोटातून काढलेले तुकडे मेणात बसवून त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. रोजचं पातं, रोजचं कापणं. पण सत्तावीस वर्षांत नागपंचमीला एकदाही कामावर गेल्या नाहीत. सुपरवायझर बाई रजेच्या तक्त्यात स्वतःच 'स्नेक डे' असं लिहून टाकायची. दादाचा फोन आला आणि व्हिडिओवर चार बोटांचा तो हात दिसला की छायाताईंचं शास्त्र गप्प बसतं.

तर अशी ही बाई. सगुणा मोठी झाली तेव्हा मायरनने विचारलं, "हिची पिल्लं बघायची आहेत का?" मायरन म्हणजे जवळच्या रोस्थर्न गावचा युक्रेनियन म्हातारा, चाळीस वर्षं साप पाळलेला. त्यानेच तात्याला आणून दिलं. आणि छायाताईंच्या मनाने घेतलं. आयुष्यभर लांब उभी राहिले, आता जन्म तरी जवळून बघायचा.

सापांची जोडी लावणं म्हणजे काय एका डब्यात दोन साप सोडले आणि झालं, असं नसतं. आधी त्यांना हिवाळा द्यावा लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारी, सत्तर दिवस, वेगवेगळ्या डब्यांत, अंधारात, बारा-तेरा डिग्रीला. आणि खायला काही म्हणजे काही नाही. फक्त पाणी. त्या गारठ्याने शरीर आतून तयार होतं, मग वसंतात ऊब आणि अन्न मिळालं की जोडी जमते. सस्काटूनला गारठ्याची काय वाण! बाहेर उणे पस्तीस. बेसमेंटच्या कोपऱ्यातली बटाटे-कांद्याची कोल्ड रूम जणू यासाठीच बांधली होती.

पहिल्या वर्षी तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. सत्तर दिवस कुणाला उपाशी ठेवायचं, तेही थंडीत, हे छायाताईंच्या हाताला माहीतच नव्हतं. ज्या घरात उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर शिंगाड्याचा शिरा, तिथे कोरडा उपास कुणाला झेपणार! विसाव्या दिवशी त्यांना राहवेना. तात्याचं तोंड उतरलेलं वाटलं. (सापाचं तोंड उतरतं म्हणे!) त्यांनी त्याचा डबा फर्नेसजवळ नेला आणि एक छोटा उंदीर दिला. "एवढ्याशाने काय होतंय?" म्हणाल्या. रात्री पुन्हा कोल्ड रूममध्ये ठेवला. थंडीत सापाला पचत नाही. उंदीर पोटातच सडला, तात्याने तो ओकून टाकला आणि मग दोन महिने तो आजारीच होता. वसंतात जोडी लावली, सगुणेने नऊ अंडी घातली, पण नऊच्या नऊ पिवळी, पोकळ, वांझोटी.

मायरन काही फार बोलला नाही. एवढंच म्हणाला, "छाया, यू लव्ह टू मच." तेच लागलं. आपल्या हाताने झालं, आणि तेही माया करून. अति तिथे माती हे दुसऱ्याला सांगायला सोपं असतं.

त्यात यंदा आणखी एक होतं. गुडघे आता दारातला बर्फ शोव्हल करू देत नव्हते. पुढच्या वर्षी घर विकून इमारतीतल्या छोट्या कॉन्डोत जायचं नक्की झालं होतं. सगुणा आणि तात्या कॉन्डोत मावले असते, पण कॉन्डोला कोल्ड रूम कुठून आणणार? म्हणजे यंदाचा हंगाम शेवटचा. जमलं तर आत्ता, नाहीतर नाहीच.

म्हणून डिसेंबरात दोघांचे डबे आत ठेवल्यावर छायाताईंनी काय करावं? कोल्ड रूमला कुलूप घातलं आणि किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. "अहो, मी मागितली तरी द्यायची नाही. फक्त रविवारी, पाणी बदलायला, दहा मिनिटं."

"आणि रडलीस तर?"

"तरी नाही."

शरदचंद्रांनी ती किल्ली जानव्याला बांधली. दर रविवारी सकाळी अकराला चौथ्या पायरीवर उभं राहून ते किल्ली द्यायचे, घड्याळ बघायचे आणि दहाव्या मिनिटाला हाक मारायचे, "वेळ संपली, पर्यवेक्षक आले!" छायाताई बुधवारी एकदा आणि शुक्रवारी तीनदा किल्ली मागायच्या. एकदा तर खरंच डोळ्यात पाणी आणलं. पण गडी बधला नाही. म्हणाला, "मी मातीचा माणूस आहे. बी पेरल्यावर रोज उकरून बघणाऱ्याला पीक येत नाही."

सत्तर दिवस झाले. डबे बाहेर आले, ऊब मिळाली, उंदीर मिळाले. सगुणेने मार्चच्या शेवटी कात टाकली, अखंड, टोकापासून टोकापर्यंत. जोडी लावायची हीच खूण. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिला तात्याच्या डब्यात सोडलं. छायाताईंनी वरून टॉवेल पांघरला आणि लाजून बाजूला जाऊन बसल्या. बाईने जन्मभर सूक्ष्मदर्शकाखाली माणसाचं काय काय पाहिलं, पण इथे लाज. वरून आवाज आला, "लागलं का लग्न?"

"गप्प बसा हो! मंगलाष्टकं म्हणायचीत का तुम्हाला?"

लग्न लागलं. सगुणा हळूहळू कमरेच्या खाली फुगायला लागली. सुनेत्राला कळल्यावर तिला चेष्टेची लहर आली. म्हणाली, "पहिलटकरीणच म्हणायची, डोहाळेजेवण नको का?" खरंच मंडळातल्या पाच-सहाजणी आल्या. सगुणेच्या डब्यावर हिरवं खणाचं कापड घातलं. बायकांतली एकही खाली उतरली नाही. सगळ्या जिन्यावर ओळीने बसल्या आणि तिथूनच गाणी म्हटली. बर्फी की पेढा विचारायला वाट्या झाकून ठेवल्या, तर निवडायला उत्सवमूर्तीच नाही. शेवटी शरदचंद्रांनी एक वाटी उचलली, निघाला पेढा, आणि तो त्यांनी खाऊन टाकला.

मे महिन्याच्या शेवटी सगुणेने ओल्या शेवाळाच्या डब्यात चौदा अंडी घातली. पांढरी, लांबट, चामड्यासारख्या कवचाची. कोंबडीचं अंडं फिरवतात तसं सापाचं फिरवायचं नसतं, फिरवलं तर आतला जीव गुदमरतो. म्हणून छायाताईंनी प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलने बारीक टिंब काढलं. थर्माकोलच्या जुन्या खोक्यात भुसा, पाण्याचा शिडकावा आणि अठ्ठावीस डिग्री ऊब. ऊब राखणं त्यांना नवं नव्हतं. चाळीस वर्षं ओव्हनचा दिवा लावून इडलीचं पीठ आंबवणारी बाई ती. चौदांतली तीन पहिल्याच पंधरवड्यात पिवळी पडली. उरलेल्या अकरांना टॉर्च लावला की आत लाल शिरा दिसायच्या. अकरा जीव. छायाताईंनी लगेच फोन लावून हे दादाला सांगितलं.

दिवस भरले ते नेमके जुलैच्या शेवटी. नागचतुर्थीला छायाताईंनी भावाचा उपास धरला होता. सकाळी खोकं उघडलं तर एका अंड्याला बारीक चीर, आणि चिरेतून वाटाण्याएवढं नाक बाहेर! पिल्लाच्या नाकाडावर जन्मताच एक सुईएवढा दात असतो, त्याने ते कवच कापतं आणि मग दिवसभर तोंड बाहेर काढून नुसतं पडून राहतं. संध्याकाळपर्यंत सात अंड्यांना चिरा गेल्या. छायाताई स्टूल टाकून तिथेच बसल्या. साठ वर्षांपूर्वी लांब उभ्या राहिलेल्या पोरीचे डोळे भरून वाहत होते, आणि पुसायलाही त्या उठल्या नाहीत.

पंचमी उजाडली. भिंतीवर नागाचं चित्र, त्याला दूध-लाह्या. खऱ्या सापांना दूध देण्याचा वेडेपणा छायाताई करत नाहीत. तवा नाही, सुरी नाही, घेवडा हातानेच मोडला. पुरणाची दिंडं उकडायला ठेवली. दुपारपर्यंत दहा अंडी फुटली, पाच पिल्लं बाहेर येऊन वळवळू लागली. अकरावं मात्र गप्प. खोक्याच्या कोपऱ्यातलं, माथ्यावरचं टिंब पुसट झालेलं, जरा खोलगट झालेलं. टॉर्च लावला तर आत सावली किंचित हलली. जिवंत होतं, पण फुटत नव्हतं.

मायरन एडमंटनला लेकीकडे गेला होता. फोनवर म्हणाला, "बाकीची सगळी फुटली ना? मग त्याला मदत लागणार. कधी दातच कमजोर असतो. माथ्यावर चिमटीत कवच उचल आणि कात्रीने छोटी चीर दे. बस. तुझ्यासारखा कापणारा हात कुणाचा आहे?"

"उद्या सकाळी दिली तर?"

"मी असतो तर थांबलो नसतो. आतली हवा संपते."

छायाताईंनी फोन ठेवला. कात्री समोरच्या खणात होती. आयुष्यात लाखभर काप काढलेला हात मांडीवर तसाच पडून राहिला. त्यांनी नखाने कवच चिमटून पाहिलं, ते ओल्या चामड्यासारखं निसटलं. चार वाजले, सहा वाजले, दिंडं गार झाली. सस्काटूनचं ऊन जुलैत रात्री नऊपर्यंत हटत नाही, बेसमेंटच्या वरच्या खिडकीतून ते खोक्यापर्यंत येऊन पडलं होतं. सावली आता फारशी हलत नव्हती.

शेवटी चौथ्या पायरीवरून आवाज आला. "छाया, जेवायचं नाही का?"

"तुम्ही जेवून घ्या."

"काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. पेरूचं आणि बोटाचं शरदचंद्रांना पंचेचाळीस वर्षं माहीत होतं, त्यावर ते कधी हसले नव्हते. "मला कळतं हो सगळं," छायाताई म्हणाल्या आणि त्यांचा बांध फुटला. "पण हात उचलत नाही. गेल्या वर्षी मायेपायी घालवली, यंदा नेमापायी घालवतेय. माझ्या हाताला यशच नाही!"

शरदचंद्रांची पावलं वर गेली, स्वयंपाकघरात भांडं वाजलं आणि पावलं पुन्हा चौथ्या पायरीवर आली. मग शरदचंद्र म्हणाले, "मी आज सकाळी दाढी केली का?"

"काय?"

"केली. ब्लेडने केली. माझी आई इतकी सोवळ्याची, पण पंचमीला बाबांच्या वस्तऱ्याला तिने कधी नाही म्हटलं नाही. चिरू नये, कापू नये हा नेम तुम्हा बायकांचा. मला कुठे आहे?"

आणि पायऱ्या वाजू लागल्या. पाचवी. सहावी. छायाताईंनी वळून बघितलं. कठड्याला घट्ट धरून अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस उतरत होता, चेहरा पांढराफटक, दुसऱ्या हातात नाकातले केस कापायची बोथट टोकाची कात्री. "उकळून आणलीय," तो म्हणाला. "आता ती सगुणा कुठे आहे ते आधी सांग."

"तिच्या डब्यात. झाकण लावलंय."

"आणि तात्या?"

"अहो, सगळे आत आहेत! या."

ते आले. खोक्यातली पिल्लं बघून एकदा डोळे मिटले, पुन्हा उघडले. छायाताईंनी टॉर्च धरला. "चिमटीत उचला. हळू. खोल नाही जायचं, शिरा आहेत. माझ्या बोटाकडे बघा, इथे. आता." शरदचंद्रांनी जन्मभर माती हळुवार चाळणाऱ्या हाताने कवच चिमटीत उचललं आणि कात्री लावली. कट्. नखाएवढी चीर. आतून थेंबभर पाणी आलं आणि मग काहीच नाही. दोघं वाकून बघत राहिले. छायाताई मनात आकडे म्हणत होत्या. चाळीसपर्यंत गेल्या.

मग चिरेत काहीतरी सरकलं. एक गुलाबी नाकाड वर आलं, थांबलं आणि त्यातून केसाएवढी दुहेरी जीभ बाहेर पडून आत गेली.

"अगं, मला जीभ दाखवतंय," शरदचंद्र म्हणाले. "उपकाराची जाण म्हणून नाही पोरांना."

छायाताईंना हसू आवरेना आणि रडूही. त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं, तर नाडी घोड्यासारखी धावत होती. "घाबरलात ना हो फार?"

"मेलो होतो मी," ते म्हणाले, आणि पडल्यासारखे स्टुलावर बसले. छायाताईंना वाटलं, आता उठतील, आता वर पळतील. पण ते उठले नाहीत. खोक्यातल्या त्या नाकाडाकडे बघत म्हणाले, "तू जा, दिंडं गरम कर. हे पुरतं बाहेर येईपर्यंत मी बसतो याच्यापाशी. कुणीतरी बसायला हवं ना."

छायाताई वर गेल्या. दिंडांना वाफ दिली, वर तुपाची धार सोडली आणि दोन ताटं घेऊन खाली आल्या. त्यांनी जमिनीवर चटई घातली, दोघं जेवले. पलीकडे अकरावं पिल्लू अजून अर्ध्या अंगाने अंड्यातच होतं. दादाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा फोन शरदचंद्रांनीच धरला आणि खोक्याकडे वळवून ओरडले, "विश्वनाथराव, हे बघा, हे मी काढलं!" शिराळ्यात तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. चार बोटांचा हात कपाळाला लागला आणि दादा म्हणाला, "छाये, जवळून बघितलंस ना गं?"

"बघितलं, दादा," छायाताई म्हणाल्या. "अगदी जवळून."

ताटं घासली, अकरावं पुरतं बाहेर आलं, पिल्लांच्या डब्यांवर तारखा लिहिल्या, जिन्याचा दिवा बंद झाला. कात्री मात्र तिथेच स्टुलावर पडून होती. ती धुऊन जागेवर ठेवली छायाताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी, पंचमी सरल्यावर.